१.७४ भारी की १.१२?

मामा: अरे, बेसबॉलमध्ये बॉस्टन रेड सॉक्सचा पिचर (चेंडू टाकणारा) पेड्रो मार्टिनेझ याचा २००० चा सीझन सगळ्यात भारी असं लिहिलंस ना काल? मी शोधलं. सेंट लुईस संघाचा पिचर बॉब गिब्सन, १९६८: ईआरए १.१२. पेड्रोचा १.७४. आकडा कमी तो चांगला ना?

दादा (बॉस्टन): मामा, साल बघ आधी. ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या धावा, फिल्डरच्या चुकांच्या सोडून. १९६८ मध्ये धावा काढणं सगळ्यांनाच जड जात होतं. अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरी नॅशनल लीग) यास्ट्रझेम्स्की नुसत्या .३०१ सरासरीवर, म्हणजे दहात जेमतेम तीन हिट, बॅटिंगमध्ये पहिला आला! बॅटर्सना मदत म्हणून पुढच्या वर्षी पिचर ज्यावरून चेंडू टाकतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणावा लागला.
२००० मध्ये बरोबर उलटं. मेजर लीगमध्ये ५,६९३ होम रन, तोवरचा उच्चांक. अमेरिकन लीगचा सरासरी ईआरए ४.९ च्या आसपास. पेड्रो १.७४ आणि दुसऱ्या नंबरवर क्लेमेन्स, ३.७०. दुप्पटीहून जास्त!

मावशी: मग पेड्रो १८ जिंकून ६ हरला कसा?

दादा (बॉस्टन): मावशी, ६ मेचा सामना घे. टँपा बेविरुद्ध १७ स्ट्राइकआउट काढले, म्हणजे १७ बॅटर स्वतःच बाद केले, आणि १-० ने हरला. रेड सॉक्सच्या बॅटर्सना एक धाव काढता आली नाही, त्यात त्याचा काय दोष? तू हे बघ: २१७ इनिंगमध्ये १२८ हिट, ३२ वॉक (बाहेरच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळालेला बेस). इनिंगमागे सरासरी एक माणूससुद्धा बेसवर पोहोचू दिला नाही, ०.७३७. पूर्ण सीझन टाकलेल्या कुठल्याही पिचरला आजवर याच्या खाली जाता आलेलं नाही.

ताई: आणि याच मुलाला लहान चणीचा म्हणून त्याच्या आधीच्या संघाने, डॉजर्सनी, १९९३ मध्ये मॉन्ट्रियलच्या संघाला देऊन टाकलं होतं. मला ते फार लागतं.

मामा: गिब्सनही १-० ने हरलाय. १७ सप्टेंबरला समोरचा पिचर गेलॉर्ड पेरीने सेंट लुईसला एक हिट मिळू दिली नाही. आणि ३४ पैकी २८ सामने गिब्सनने स्वतः संपवले, १३ शटआउट, म्हणजे एकही धाव न देता!

दादा (बॉस्टन): दमात गिब्सनच, मान्य. १३ शटआउट आता कोणी करेल असं मला वाटत नाही. पण त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी पिचरही बॅटिंगला यायचा. पेड्रोसमोर त्या जागी खास बॅटर.

मामा: १९६८ ला नॅशनल लीगची सरासरी?

दादा (बॉस्टन): ३ च्या जरासं खाली.

मामा: म्हणजे गिब्सन लीगपेक्षा साधारण २.७ पट चांगला, पेड्रो २.८ पट. फरक थोडाच आहे रे. आणि गिब्सनच्या इनिंग ३०४ च्या वर.

दादा (बॉस्टन): त्यात मैदानं धर मामा. पेड्रोचं घरचं मैदान फेनवे, डावीकडची भिंत जेमतेम ३१० फुटांवर, म्हणजे पिचरला जड. मैदान आणि काळ दोन्ही धरून जो आकडा काढतात त्यात १०० म्हणजे सरासरी, जास्त तो चांगला. गिब्सन २५८, पेड्रो २९१.

मामा: हा आकडा आधी द्यायचास. थांब, पेड्रोचा १९९९ चाही बघतो.