व्हॅक्यूम टँक लावला की कार्बन उतरतो?

लॅडलवाला: काल इथं कुणी लिहिलंय, 'जालन्याच्या भट्ट्यांनी व्हॅक्यूम टँक लावले की ३० पीपीएम (०.००३ टक्के) कार्बनचं स्टील निघेल.' टँक म्हणजे वितळलेल्या स्टीलचं भांडं, लॅडल, आत ठेवून हवा उपसायची बंद टाकी. ती काय कार्बन ओढून घेते? कार्बन जातो तो ऑक्सिजनशी मिळून, कार्बन मोनॉक्साइड होऊन. ०.०४ वरून ०.००३ टक्क्यांवर यायला अंदाजे ५०० पीपीएम ऑक्सिजन स्टीलमध्येच हवा. टॅपिंगला, म्हणजे भट्टीतून लॅडलमध्ये ओतताना, अ‍ॅल्युमिनियम टाकून तो ऑक्सिजन संपवलात, की १ टॉरवर, म्हणजे जवळपास निर्वातात, अर्धा तास ठेवा, कार्बन हलणार नाही.

भट्टी_एमआयडीसी: मग टाकूच नका! किल न करता, म्हणजे ऑक्सिजन न संपवता, टॅप करा, टँकमध्ये उकळू द्या, अ‍ॅल्युमिनियम शेवटी. ते पोस्टमध्ये लिहायचं राहिलं, एवढंच.

लॅडलवाला: एवढंच? उकळी आली की स्टील फुगतं. वर मीटरभर मोकळी जागा हवी, इथं लॅडल काठोकाठ. उतू गेलं की झाकण जाम. शिवाय लहान लॅडल पटकन निवते. एलएफ (लॅडलमध्येच तापवणारी भट्टी) नसेल तर भट्टीतच जादा तापवावं लागतं, आणि मग सिलिकाचं अस्तर किती हीट (वितळणीच्या खेपा) टिकणार?

स्पेक्ट्रो: सळईला हवंय कशाला हे? सळईच्या आयएस १७८६ मानकात एफई ५००डी ग्रेडला कार्बन ०.२५ टक्क्यांपर्यंत चालतो. बोंब आहे फॉस्फरसची. तो काढणारा चुन्याचा स्लॅग (स्टीलवरची मळी) सिलिका अस्तरात चालत नाही, आणि व्हॅक्यूमनं फॉस्फरस जात नाही.

भट्टी_एमआयडीसी: सळई सोडा हो. फोर्जिंगचं (घडाईच्या कामाचं) बिलेट, म्हणजे ओतीव ठोकळा, करायचं तर हायड्रोजन २ पीपीएमखाली लागतो. तो कसा काढणार, फुंकर मारून?

स्पेक्ट्रो: आधी चुन्याची पोती झाका! कळीचा खडा बोटांत दाबला आणि पीठ झालं, म्हणजे त्यानं पाणी पिलंय. ते पाणी लॅडलमध्ये गेलं की हायड्रोजन स्टीलमध्येच. स्टीलमध्ये टाकायचा मिश्रधातू, फेरो मँगनीज, उघड्यावर, लॅडलच्या नव्या अस्तराला बर्नर घाईघाईत. टँकमध्ये काढलेला हायड्रोजन दमट टंडिश (लॅडल आणि साच्यामधलं भांडं) परत देतो.

भट्टी_एमआयडीसी: विषय कार्बनचा, तुम्ही चुन्यावर घसरलात.

स्पेक्ट्रो: हायड्रोजनचा विषय कुणी काढला?

लॅडलवाला: आणि कार्बनवर यायचंच तर, मॅग-कार्बन (मॅग्नेशिया आणि कार्बनच्या) विटांची लॅडल असेल तर उतरवलेला कार्बन वीटच परत देते. ओतताना साच्यात टाकायच्या मोल्ड पावडरचा वेगळा.

भट्टी_एमआयडीसी: बरं बाबा, टँक हायड्रोजनसाठी, कार्बनसाठी आधी लॅडल बदला. ताडपत्री आजच आणतो. झालं समाधान?

स्पेक्ट्रो: दोन आणा. एक फेरोवर.