पाणवठ्याच्या लपणात जाताना माणसाचा वास कसा आवरायचा?

काजूबाग
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे मालकीची काजूची बाग आहे. बाग दक्षिणेकडं उतरत ओढ्यापर्यंत जाते, ओढ्यापलीकडं रिझर्व्ह जंगल. ओढा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो आणि एप्रिलात त्यात एकच डोह उरतो. संध्याकाळी तिथं सांबरं उतरतात, मधूनच भेकर. डोहाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेला, 20 मीटरवर बांबू-पाल्याचं लपण केलंय. घरापासून 500 मीटर उतार. पायवाट डोहाच्या काठावरूनच लपणाकडं जाते. साडेपाचला जाऊन गप्प बसलं तरी सांबरं पलीकडच्या कारवीत येऊन थांबतात, पाय आपटतात, एखादं ओरडतं आणि सगळी माघारी. वासच लागत असणार. वास मारायचे स्प्रे मिळतात म्हणे, ते घ्यावेत का? अंगाला, कपड्यांना काय करावं? फक्त फोटो काढायचेत.

माळरान
स्प्रे राहू दे, आधी लपण हलवा. उन्हाळ्यात आपल्याकडं दुपारनंतर वारं घाटाकडून येतं, पश्चिमेचं. ते पडलं की गार हवा उतारावरून खाली सरकते आणि ओढ्याच्या पात्रातून पाण्याच्याच दिशेनं वाहायला लागते. तुमचा ओढा पूर्वेला जातो, म्हणजे दुपारचं वारं आणि संध्याकाळची उतरती हवा दोन्ही तुमच्या अंगावरून डोहाकडंच जातात. नवा साबण लावून त्यात काही फरक पडणार नाही.

लपण डोहाच्या खालच्या अंगाला, पूर्वेला 30-35 मीटरवर, बागेच्या काठाला न्या. मग वास पाण्यापासून लांब जातो. त्या बाजूनं एखादं जनावर आलं तर ते ओरडणारच. एक बाजू सोडून द्यावीच लागते. म्हणून खुरांच्या वाटा आधी बघून घ्या. वळणाऐवजी पात्र सरळ असेल अशी जागा धरा, कारण वळणावर आणि मोठ्या खडकामागं हवा गोल फिरते.

वाटही बदला. घरातून निघाल्यावर बागेतूनच पूर्वेकडं वळा आणि लपणात मागून शिरा. डोहाचा काठ आणि सांबरांची वाट ओलांडायची नाही. आणि जायचं ते साडेपाचला नव्हे, चारला. त्या वेळी वारं एका दिशेनं चालू असतं. सूर्य उतारावरून गेला की अर्धा-पाऊण तास हवा कुठंही वळते. त्या वेळी तुम्ही वाटेवर असलात तर अख्ख्या ओढ्यात वर्दी जाते.

हवा बघायला शेणीची राख मलमलीतून चाळा, मऊ प्लास्टिकच्या छोट्या बाटलीत भरा आणि दाबून फुस्स करा. टाल्कम पावडर नको, तिलाच वास. राख चार-पाच मीटरपर्यंतच सांगते. पुढचं बघायला रुईच्या बोंडातल्या म्हाताऱ्या सोडा: पन्नासेक मीटर तरंगत जातात, कुठं खाली बसतात, कुठं उलट फिरतात ते डोळ्यानं दिसतं. लपण बांधायच्या आधी दोन-तीन संध्याकाळी हे करा. ओढ्यात उभं राहून नव्हे, बसायच्या उंचीवरून.

रिठा
वाऱ्याचं बरोबर आहे, पण वाटेवर राहणारा वासही मोजायला हवा. तो उघड्या हवेतल्या वासापेक्षा जास्त वेळ टिकतो, ओलसर सावलीत तर फारच. माणूस चालताना सगळ्यात जास्त वास हातानं आणि मांडीनं झुडपांना लावतो. आठवडाभर आधी भर दुपारी कोयत्यानं वाट कमरेपर्यंत मोकळी करा, म्हणजे पाला घासणार नाही. झाडाला धरून उतरायची सवय सोडा. गमबूट बरे, चामड्याचे बूट घाम पितात. पेट्रोल पंपावर, गोठ्यात, मोटरसायकलच्या किकवर तेच बूट वापरले तर उपयोग शून्य.

घामाचं म्हणाल तर ताज्या घामाला फार वास नसतो, कातडीवरचे जिवाणू त्याला तो आणतात. म्हणून घाम येऊच न देणं स्वस्त. बनियनवर सावकाश चालत जा, बसायचा शर्ट पिशवीत. लपणाच्या 50 मीटर अलीकडं थांबा, ओल्या फडक्यानं मान, काखा, हात पुसा, बनियन पिशवीत घालून गाठ मारा, मग शर्ट चढवा.

कपडे सुगंधी पावडरीनं धुऊ नका. बादलीभर पाण्यात मूठभर खायचा सोडा किंवा रिठ्याचं पाणी, मग दोनदा खळबळून उन्हात, स्वयंपाकघराच्या धुरापासून लांब. पांढरेपणा आणणाऱ्या पावडरींत चमक देणारं रसायन असतं, ते हरणांना दिसतं तितकं आपल्याला दिसत नाही. वाळल्यावर कपडे झाकणाच्या डब्यात ठेवा. ट्रंकेत डांबरगोळ्यांशेजारी ठेवलेला शर्ट असेल तर बाकीचं सगळं धुणं वाया. लपणाचं नवं कापडही रंगाच्या वासासकट टांगू नका, पंधरा दिवस उन्हापावसात राहू दे. केसांचं तेल, तंबाखू, उदबत्तीच्या खोलीत टांगलेली कॅमेऱ्याची बॅग, हे तुम्हीच तपासा.

स्प्रेबद्दल: वास थोडा कमी होतो, थांबत नाही. श्वास तर चालूच असतो.

काजूबाग
म्हणजे लपणच चुकलं. एक शंका. शर्टाला चुलीचा धूर दिला तर? गावातला धूर रोज जंगलात जातोच, सांबरांना सवय असेल. आणि गोचिडी लांब ठेवणारं तेल लावायचं की नाही?

कारवी
धुराचं तुमचं म्हणणं निम्मं खरं. धूर जिथून रोज येतो, त्या दिशेनं आणि त्या वेळेला आला तर जनावर दुर्लक्ष करतं. डोहाच्या 30 मीटरवर अचानक धूर आला तर ती नवीच गोष्ट झाली. शेण चोपडायचाही सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका.

गोचिडीच्या तेलात मात्र काटकसर नको. जवळच्या दोडामार्ग आणि सत्तरीत गोचिडीतून पसरणारा माकडताप होऊन गेलाय, हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका तुमचा बसायचा काळ. डेपा तेल घोट्यांना, पोटऱ्यांना लावा, पँट मोज्यात खोचा. वास येतो, येऊ दे. म्हणूनच तर लपण वाऱ्याच्या योग्य बाजूला हवं. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावून पूर्ण वाळवलेल्या कपड्यांना जवळपास वास राहत नाही, पण ते ओलं असताना अंगावर घालायचं नाही आणि ओढ्यात धुवायचं नाही, माशांना विषारी.

आणखी एक, वर कुणी बोललं नाही. वाऱ्याविरुद्ध, आवाज न करता चालणारा माणूस गव्याला आणि अस्वलालाही कळत नाही. सांबरापासून लपायची जी रीत, तीच अस्वल दहा पावलांवर दचकवायची. म्हणून वाट मोकळी, लांबपर्यंत दिसणारी हवी, आणि लपणापासून शंभर मीटर अलीकडंपर्यंत गप्पा मारत, काठी टेकत यायला हरकत नाही. गप्पा शेवटच्या टप्प्यात बंद.

माळरान
गप्पांना शंभर मीटर फार जवळ झालं, दीडशे करा. बाकी मान्य.

परत येतानाचं राहिलं. अंधार पडल्यावर सांबरं डोहावर असताना उठलात तर दुसऱ्या दिवशी ती उशिरा येतात किंवा येतच नाहीत. ती निघून गेल्यावरच उठा, नाहीतर घरून कुणाला तरी टॉर्च घेऊन बागेच्या बाजूनं आवाज करत यायला सांगा. माणूस आला की ती निघतात, लपणाशी संबंध जोडत नाहीत. रोज बसू नका.

रिठा
मीठ-गूळ ठेवून जनावर बोलावू नका, आणि पलीकडच्या जंगलात लपण हलवायचं मनात आलं तर आधी खानापूरच्या वन कार्यालयातून लेखी परवानगी घ्या. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर कायद्यानंच परवाना लागतो. ज्यांना या धाग्यातलं फास-बंदुकीसाठी वापरायचंय त्यांनी 1972 चा वन्यजीव कायदा वाचावा, इथं त्या प्रश्नांना उत्तर मिळणार नाही.