साउंड कार्डवर आईच्या ओव्या ध्वनिमुद्रित करताना संगणकातला तानपुराही मुद्रणात येतो

स्वरसंग्रह, गिरगाव

नमस्कार. माझी आई ७९ वर्षांची आहे. तिला जात्यावरच्या ओव्या, भूपाळ्या आणि वारीतले अभंग पाठ आहेत, आणि त्यांतल्या कित्येक ओव्या मला आजवर कोणत्याही छापील संग्रहात सापडलेल्या नाहीत. तिचा आवाज अजून सुरात लागतो, तोवर हे सारे नीट ध्वनिमुद्रित करून ठेवावे या हेतूने मी लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेले व्यावसायिक साउंड कार्ड घेतले. ते आयसीई १७१२ म्हणजेच एन्व्ही २४ या चिपवरचे जुने पीसीआय कार्ड असून त्याला आरसीएच्या दोन आवका (इनपुट) आणि दोन जावका (आउटपुट) आहेत. संगणकावर उबुंटू लिनक्स आहे. आईसाठी एक कंडेन्सर माइक आणि पेटीसाठी एक डायनॅमिक माइक लहान मिक्सरला जोडला आहे आणि मिक्सरची मुख्य जावक कार्डाला दिली आहे. आईला सूर मिळावा म्हणून संगणकावर तानपुरा लावून तो तिला हेडफोनमधून ऐकवते.

अडचण अशी की मुद्रणात आईच्या आवाजाबरोबर तानपुराही येतो आणि नंतर तो वेगळा काढता येत नाही. मुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये एकदम १२ चॅनेल दिसतात. त्यांपैकी शेवटच्या दोहोंत आवाज सर्वांत भरदार वाटला, म्हणून मी तेच निवडले आहेत. काही साधे प्रोग्रॅम तर कार्ड थेट निवडल्यास चॅनेलची संख्या जुळत नसल्याचे सांगून बंद पडतात. शिवाय सगळ्या मुद्रणामागे एक बारीक, अखंड घूंकार आहे. कार्ड खराब निघाले असावे काय?

पट्टी काळी दोन, मुलुंड

ताई, कार्ड उत्तम स्थितीत आहे असे आपल्या वर्णनावरूनच दिसते. आपण निवडलेले शेवटचे दोन चॅनेल हेच तानपुऱ्याचे मूळ आहे.

या चिपची रचना घरगुती कार्डांपेक्षा वेगळी आहे. प्रत्यक्षात कितीही जॅक असले तरी लिनक्सला ती आवकेचे १२ आणि जावकेचे १० चॅनेल एकाच गठ्ठ्यात दाखवते. आवकेतले पहिले ८ अ‍ॅनालॉगसाठी राखलेले आहेत आणि आपल्या कार्डावर त्यांतले पहिले दोनच जिवंत आहेत. नववा आणि दहावा डिजिटल एसपीडीआयएफ आवकेचा. अकरावा आणि बारावा मात्र कोणत्याही जॅकला जोडलेले नाहीत, कारण ते कार्डाच्या आतल्या डिजिटल मिक्सरचे डावे आणि उजवे टोक आहे. त्या मिक्सरमध्ये बाहेरून आलेला आवाज आणि संगणकातून वाजणारा आवाज एकत्र होतो, म्हणून तिथे तानपुरा असणारच. भरदारपणाही त्या बेरजेचाच.

म्हणून मुद्रण नेहमी पहिल्या आणि दुसऱ्या चॅनेलवरून करावे. एक खबरदारी घ्यावी: पाइपवायरमध्ये (प्रोग्रॅम आणि कार्ड यांच्यामध्ये आवाज पोहोचवणाऱ्या लिनक्सच्या सेवेत) कार्डाची ‘प्रो ऑडिओ’ ही प्रोफाइल निवडल्यावर मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे आपल्याला हवे असलेले चॅनेल ‘ऑक्स ०’ आणि ‘ऑक्स १’ या नावांनी दिसतील, आणि टाळायचे ते ‘ऑक्स १०’ आणि ‘ऑक्स ११’. साधे प्रोग्रॅम बंद पडतात त्याचेही कारण याच रचनेत आहे. कार्डाला थेट गाठल्यास ते दहाच्या दहा जावका आणि ३२ बिटांची मांडणी मागते, तर प्रोग्रॅम दोनच चॅनेल देऊ पाहतो. मध्ये पाइपवायर किंवा ‘जॅक’ नावाचीच तशी दुसरी सेवा ठेवल्यास ही जुळणी ते स्वतः करतात.

आता ऐकण्याची वाट. ‘एन्व्ही २४ कंट्रोल’ हा प्रोग्रॅम उघडून पॅचबेच्या (कोणता आवाज कोणत्या जावकेला जायचा हे ठरवणाऱ्या) पानावर पहिली जावक डिजिटल मिक्सच्या डाव्या आणि दुसरी उजव्या टोकाला जोडावी. मग मॉनिटरच्या पानांवरच्या सरकपट्ट्यांनी आईला तिचा आवाज किती आणि तानपुरा किती ऐकू यावा हे ठरवता येते. त्या सरकपट्ट्या फक्त ऐकण्यावर परिणाम करतात, पहिल्या दोन चॅनेलवर होणाऱ्या मुद्रणाला त्या स्पर्शही करीत नाहीत. या कार्डाचे मोल मला याच एका गोष्टीत वाटते, कारण गाणाऱ्याला हवे तसे ऐकवताना मुद्रण जसेच्या तसे शुद्ध राहते. मात्र मुद्रणाच्या प्रोग्रॅममधले ‘मॉनिटर’ बंद ठेवावे, नाही तर आईला स्वतःचा आवाज दोनदा, किंचित मागेपुढे ऐकू येईल आणि ती लय सोडेल.

ऐकणे कार्डाच्या आतूनच होत असल्यामुळे बफर, म्हणजे आवाज तात्पुरता साठवण्याची जागा, लहान ठेवण्याची गरज उरत नाही. ४८,००० हर्ट्‌झला २५६ नमुन्यांचा बफर ५.३ मिलिसेकंदांचा होतो, पण जुन्या संगणकावर तो अडखळतो आणि मुद्रणात टकटक येते. आपण निर्धास्तपणे १,०२४ ठेवावा. मास्टर क्लॉक (कार्डाची गती ठरवणारे घड्याळ) अंतर्गत, म्हणजे ‘इंटर्नल’ ४८,००० वरच असू द्यावा. तो चुकून बाहेरच्या डिजिटल घड्याळावर गेला आणि कार्ड ४८,००० ने चालत असताना प्रोग्रॅमने ४४,१०० गृहीत धरले, तर वाजवताना गाणे संथ होते आणि स्वर सुमारे दीड पट्टी खाली उतरतो. ओवीची मूळ पट्टी जपायची असेल, तर ही चूक फार महागात पडते.

ध्वनिमुद्रक, विलेपार्ले

वरचे निदान योग्य आहे. तरीही चॅनेल बदलल्यावर एक चाचणी अवश्य करावी. दोन्ही माइक मिक्सरवर बंद करावेत, तानपुरा चालू ठेवावा आणि पहिल्या दोन चॅनेलवर अर्धा मिनिट मुद्रण करावे. तरीही तानपुरा आला, तर तो मिक्सरमधून फिरून येतो आहे. कार्डाची जावक आपण मिक्सरच्या साध्या चॅनेलला लावली असेल, तर ती मुख्य जावकेतून पुन्हा कार्डात शिरते. अनेक मिक्सरवर ‘टेप इन’ असा वेगळा जॅक असतो. तो फक्त हेडफोनकडे वळवता येतो, आणि त्याशेजारी मुख्य जावकेकडे नेणारे बटण असल्यास ते सुटलेले ठेवावे.

घूंकाराबद्दल माझा तर्क असा. घराची वीज ५० हर्ट्‌झची असते, आणि जमिनीची फेरी (ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून बनणारी बंद वाट) तयार झाली की ५०, १०० आणि १५० हर्ट्‌झचे सूर मुद्रणात उतरतात. आरसीएची जोडणी असंतुलित असल्यामुळे तिला याची बाधा लवकर होते. संगणक आणि मिक्सर वेगवेगळ्या प्लगवर असतील, तर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणावेत. काही लोक अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला देतात. तो कधीही मानू नये, कारण माइकसमोर वृद्ध व्यक्ती बसणार आहे आणि तिच्या जिवापुढे स्वच्छ मुद्रणाला काही किंमत नाही. एवढे करूनही आवाज राहिला, तर मिक्सर आणि कार्ड यांच्यामध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. पंखाही बंद करून पाहावा, कारण इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने गती कमी केलेला पंखा अशीच कर्कश गुणगुण सोडतो.

दोन माइक आहेत, तर मिक्सरवर आईचा आवाज पूर्ण डावीकडे आणि पेटी पूर्ण उजवीकडे वळवावी. कार्डाच्या दोन आवकांवर दोन स्वतंत्र मुद्रणे मिळतील आणि पुढे पेटी कमी-जास्त करता येईल. २४ बिटांना पुष्कळ वाव असतो, त्यामुळे सर्वांत मोठी तानही उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल इतकीच पातळी ठेवावी.

स्वरसंग्रह, गिरगाव

दोघांचीही मनापासून आभारी आहे. पहिल्या दोन चॅनेलवर गेल्यावर तानपुरा खूप कमी झाला, पण अगदी अंधूक उरला. चाचणीत तो मिक्सरमधूनच फिरत असल्याचे दिसले. ‘टेप इन’ वापरल्यावर चाचणीचे मुद्रण पूर्ण शांत आले. घूंकारही एकाच बोर्डावर सगळे आणल्यावर गेला. उरलेली गुणगुण पंख्याची होती, म्हणून आता पहाटे, पंखा लागत नाही अशा वेळी, मुद्रण करते. आईनेही स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकून आणखी तीन ओव्या आठवून सांगितल्या. फक्त संगणक पुन्हा चालू केल्यावर पॅचबे पूर्वीसारखा होतो. तो कायम कसा ठेवावा?

पट्टी काळी दोन, मुलुंड

ताई, सर्व मनासारखे लावून झाले की टर्मिनलमध्ये अल्साची (लिनक्सच्या ध्वनियंत्रणेची) ‘alsactl store’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने एकदा द्यावी. तीच जुळणी पुढच्या प्रत्येक सुरुवातीला परत लागते. फाइली मात्र २४ बिटांच्या वेव्ह स्वरूपातच ठेवाव्यात. ४८,००० हर्ट्‌झला दोन चॅनेलचा एक तास साधारण १ गिगाबाइट होतो, तेव्हा दोन वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवणे सहज परवडते. फाइलीच्या नावात ओवीचा पहिला चरण, तारीख आणि पट्टी लिहावी, आणि ओवी आईला कोणाकडून मिळाली हे तिच्याच आवाजात मुद्रणाच्या सुरुवातीला विचारून घ्यावे.