समुपदेशकाची खोली कुठे आहे, तेही बघा

मुलांच्या मानसिक त्रासावर कॉलेजात समुपदेशक नेमला की झालं, असं कुणीतरी लिहिलंय. अर्धंच पटलं. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवाच, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. पण भाच्याच्या कॉलेजात ती खोली प्राचार्यांच्या केबिनला लागून, आणि दारात शिपायापुढे वही: नाव, वर्ग, 'कामाचे स्वरूप'. आता त्या तिसऱ्या रकान्यात पोरानं काय लिहायचं? 'रात्र रात्र झोप लागत नाही'? बरीच मुलं वही बघूनच मागे फिरतात म्हणे. पहिली ती वही काढा!

होस्टेलवरच्या मुलाच्या रूममेटलाही विचारत जा. मेसचा डबा न उघडताच परत जातोय हे रेक्टरच्या आधी त्याला कळतं.

तोवर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मुलांच्या फोनमध्ये घालून द्या. सरकारी सेवा, मोफत, २४ तास, मराठीतही बोलतात. मात्र कुणी जिवाचं बरंवाईट करायची भाषा करत असेल तर नुसता नंबर देऊन मोकळं होऊ नका. एकटं सोडू नका, शेजारी बसून फोन तुम्हीच लावा, नाहीतर सरळ दवाखान्यात घेऊन जा.