मदत हवी आहे: गालिच्याला कुत्र्याचा वास (तातडीने!)

ऊनसावली: हॉलमधल्या गालिच्याला कुत्र्याच्या मुताचा वास येतोय. सगळे उपाय करून झाले. धुतला, घासला, पंख्याखाली वाळवला. थोडे दिवस बरं वाटतं, पावसाची सर आली की पुन्हा तेच. रविवारी सासरची माणसं येणार आहेत. 'कुत्रा पाळूच नये' छाप सल्ले कृपया नकोत. पुण्यात गालिचे नीट धुऊन देणारं कुणी माहीत असेल तर तेही सांगा.

खडूस_पेठेकर: पुण्यात कुठे? कसला गालिचा? लोकरीचा, सुती की सिंथेटिक? 'सगळे उपाय' म्हणजे नेमके कोणते? इथे कुणी ज्योतिषी नाही.

ऊनसावली: बाणेर. गालिचा लाल आहे, जाड. खायचा सोडा झाला, व्हिनेगर झालं, दोन्ही एकत्र टाकून झालं. फिनेलने पुसला.

रसायनकाका: एकत्र टाकलंत तेव्हा फेस झकास आला असेल, उपयोग शून्य. आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. पांढरं व्हिनेगर निम्म्यास निम्मं पाणी घालून आधी टिपून लावा, पूर्ण वाळू द्या, मग कोरडा सोडा रात्रभर भुरभुरून ठेवा आणि सकाळी व्हॅक्यूम. फिनेल बंद करा, कुत्री पंजे चाटतात. आणि ब्लीचचा विचारही नको. मुतातल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइन वायू होतो, छातीत भरतो.

मोतीची_आई: एन्झाइम क्लीनर (मुतातले घटक तोडणारं द्रव) आणा, बाकी सगळं विसरा. मूत वाळलं की त्यातले क्षार धाग्यात राहतात, ते नुसत्या पाण्याने पुरते जात नाहीत. हवा दमट झाली की वास उठतो. तुमचा पावसाळ्याचा त्रास तोच. आमच्या मोतीनं सोफ्यासकट सगळं भिजवलं होतं, एन्झाइमनेच गेलं.

खडूस_पेठेकर: लोकरीचा असेल तर? त्या बाटलीत प्रथिनं तोडणारं एन्झाइम असलं तर ते लोकरही खाईल, लोकर म्हणजे प्रथिनच. बाटलीवर 'लोकरीसाठी चालेल' असं लिहिलेलं बघून घ्या. ताई, कडेचा एक धागा उपटून बशीत जाळून बघा. केस जळल्याचा वास येऊन राख चुरली तर लोकर, कागदासारखा जळला तर सूत, वितळून टणक गोळी झाली तर सिंथेटिक.

ऊनसावली: जाळला. केसांचा वास. लोकरच आहे. सासऱ्यांनी मिर्झापूरहून आणलाय आणि रविवारी तेच येतायत, कळलं का घाई कशाची?

गोट्याभाऊ: वाफेचं मशीन भाड्याने आणा, जंतूबिंतू सगळे खलास.

रसायनकाका: गोट्या, उलटे सल्ले देऊ नकोस. वाफेच्या उष्णतेने डाग धाग्यात पक्का बसतो आणि लोकर आटते ती वेगळीच. गार पाणी, तेही बेताचं.

गोट्याभाऊ: आमच्याकडे वाफेनेच गेला.

रसायनकाका: तुमचा गालिचा लोकरीचा होता?

गोट्याभाऊ: पायपुसणं होतं. पण तत्त्व तेच ना.

सतरंजीवाले: भदोही-मिर्झापूरकडच्या हातविणीच्या गालिच्यांना 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, असा माल मुतात भिजवायचा म्हणजे कमाल आहे. कुत्रं आहे तर सुती सतरंजी टाका, मळली की बादलीत बुचकळा, गॅलरीत टाका. आम्ही तेच करतो.

चिंचवडकर_73: गोचिडांचं काय? ते कुणी बोलत नाही. मादी रक्त पिऊन खाली उतरते आणि फटीत हजारोंनी अंडी घालते. पिसवांची अंडी तर अंगावरून थेट गालिच्यात गळतात, कोशात महिनोन्महिने टिकतात. रोज व्हॅक्यूम करा, कडा आणि सोफ्याखालची जागा सोडू नका, आणि त्यातला कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाका.

ऊनसावली: गोचीड नाहीत हो आमच्याकडे! वासाचं विचारतेय.

पशुवैद्य_नाही_पण: कुत्र्याचं वय काय? नर की मादी? नसबंदी? नेमकं कुठे ओलं होतं? याबद्दल कुणी विचारलंच नाही.

ऊनसावली: राणी, लॅब्रॅडॉर, अकरा वर्षांची. नसबंदी झालीय. झोपते तिथेच ओलं होतं, उठल्यावर दिसतं. म्हातारी झालीय. पण प्रश्न गालिच्याचा आहे.

पशुवैद्य_नाही_पण: प्रश्न राणीचाच आहे. ती मुद्दाम करत नाहीये, झोपेत गळतंय. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये हे बरंच दिसतं आणि औषधाने बहुतेकदा आटोक्यात येतं. पाणी पूर्वीपेक्षा जास्त पितेय का? तसं असेल तर मधुमेह, मूत्रपिंड, मूत्रमार्गाचा संसर्ग, सगळं तपासायला हवं. सकाळचं पहिलं मूत स्वच्छ बाटलीत धरून डॉक्टरकडे न्या. तोवर तिच्या अंथरुणाखाली मेणकापड आणि धुता येईल अशी गोधडी.

ऊनसावली: वाटी दिवसातून पुष्कळदा भरावी लागते, हे खरं. आम्हाला वाटलं उकाड्याने. तिला नेते. पण रविवार??

खडूस_पेठेकर: पावसाळ्यात गालिचा धुवायला देऊ नका, जाड लोकर आतून वाळत नाही, मागचा ताग-सूत कुजून वेगळाच वास धरतो. आत्ता तो उलटा करा आणि नाकाने शोधा, वास वरच्यापेक्षा मागे जास्त असतो. अंधार करून यूव्ही टॉर्च मारलीत तर जुने डागही दिसतील. फक्त तेवढ्या जागा दोन्ही बाजूंनी टिपा, घासू नका. त्याआधी पांढरा ओला रुमाल लाल रंगावर दाबून बघा, रंग उतरला तर थांबा. मग खाली दोन पाट ठेवून पंखा लावा, वारा दोन्हीकडून लागू दे. रविवारी जमिनीवर सतरंजी.

सतरंजीवाले: मी तेच म्हणत होतो.

ऊनसावली: सासरे गालिचा कुठे गेला विचारतील.

खडूस_पेठेकर: धुतोय म्हणा. खोटं नाही.

मोतीची_आई: धुणाऱ्याचं अजून कुणी सांगितलं नाही हां. मलाही हवंय. आणि आमच्या सोसायटीने कुत्र्याला लिफ्टमध्ये बंदी केलीय, त्यावर कुणाला काही माहीत आहे का?

चिंचवडकर_73: त्यासाठी वेगळा धागा काढा. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही. काढलात की लिंक इथे टाका.