भाकरीला कुठला तवा घ्यावा?

ए-१०३: नॉनस्टिक तवा पार खरवडला गेलाय, नवीन घ्यायचाय. भाकरी, धपाटे, आंबोळी सगळ्याला एकच चालेल असा कुठला? दुकानदार म्हणाला, 'पीएफओए फ्री' घ्या, काही भीती नाही.

बी-२०४: वहिनी, तेवढ्यावर जाऊ नका. पीएफओए हे कोटिंग बनवताना वापरायचे ते रसायन. २०१९ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत आलं, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते माणसाला कर्करोग करणारं ठरवलं. ते वगळलं हे चांगलंच. पण तव्यावरचा थर बहुतेक वेळा पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचाच असतो. तो साधारण २६० अंशांपुढे बिघडायला लागतो, ३५० च्या वर तर विषारी धूर सोडतो. आता भाकरीचा तवा आपण कसा तापवतो? कोरडा, मोठ्या गॅसवर. रिकामा तवा काही मिनिटांत तिथवर जातो. आणि आपल्या कडक भाकरीला तर तो किती वेळ तापत राहतो! भाकरीला नॉनस्टिक नकोच.

बी-३०१: आमचा लव्हबर्ड्सचा पिंजरा ओट्याशेजारीच असतो. त्यांना त्रास होईल का?

बी-२०४: दादा, आजच बाहेरच्या खोलीत हलवा. जास्त तापलेल्या नॉनस्टिकच्या धुरानं पक्षी बघता बघता मरतात. माणसालाही थंडीताप येतो, फ्लूसारखा.

ए-१०३: बाई गं! आणि जुन्या तव्याचे कण पोटात गेले असतील त्याचं काय?

बी-२०४: ते पचत नाहीत, तसेच बाहेर पडतात. त्याची धास्ती नको, पण तवा काढून टाका.

ए-४०२: अगं, बिडाचा घे की. आधी घासून, गॅसवर कोरडा करून तेलाचा हात द्यायचा आणि चांगला तापवायचा. असं चार-पाचदा केलं की काळा तुकतुकीत होतो. आंबोळीआधी अर्धा कांदा तेलात बुडवून फिरव, सुटून येते. धुतला की लगेच पुसायचा, नाहीतर गंजतो. चिंच-टोमॅटोचं मात्र त्यात काही शिजवू नकोस.

सी-१०१: सिरॅमिकचं कसं असतं?

बी-२०४: त्यात पीटीएफई नसतं, थर सिलिकाचा असतो. पण गुळगुळीतपणा लवकर जातो, मग सगळं चिकटतं. मला पैसे वाया वाटतात. ऑम्लेटपुरतं लहान नॉनस्टिक मंद गॅसवर, लाकडी उलथनं घेऊन खुशाल वापरा.

सी-१०१: आणि केकचा डबा?

बी-२०४: केक १८० अंशांवर होतो, त्यामुळे नॉनस्टिक टिनही चालतो. फक्त त्यातच सुरीनं कापू नका. साध्या ॲल्युमिनियमच्या डब्यात बेकिंगचा कागद घातला तरी केक अलगद निघतो.

ए-१०३: आजी, मंगळवार बाजारात जाल तेव्हा हाक मारा. बिडाचा तवा बघून घ्यायचा कसा?

ए-४०२: उचलून बोटानं ठोकायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द आवाज आला तर कुठंतरी चीर असते.