गॉथम सिटीचा इतिहास लावताना अडकलोय, मदत हवी आहे

मंडळी, बॅटमॅनवेड्या भाचीच्या खोलीसाठी गॉथम या बॅटमॅनच्या काल्पनिक शहराचा मोठा तक्ता करतोय. अर्ध्यात नावाचा खरा इतिहास, अर्ध्यात गोष्टीतला.

पहिला अर्धा जमला. बॅटमॅन १९३९ मध्ये आला तेव्हा न्यूयॉर्कमध्येच वावरत होता. गॉथम हे नाव दीडेक वर्षाने आलं. लेखक बिल फिंगर यांना ते टेलिफोन डिरेक्टरीतल्या एका जवाहिऱ्याच्या नावावरून सुचलं. पण न्यूयॉर्कला गॉथम म्हणून चिडवणं १८०७ पासूनचं, अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंग यांची करामत. आणि मूळ गॉथम इंग्लंडातलं, नॉटिंगहॅमशायरमधलं खेडं. राजा जॉनची स्वारी गावातून जाऊ नये म्हणून तिथल्या लोकांनी म्हणे वेडाचं सोंग घेतलं. म्हणजे वेड घेऊन पेडगावला जाणारेच! भाचीला हे बॅटमॅनपेक्षा जास्त आवडलंय.

घोडं अडलंय दुसऱ्या अर्ध्यात. अर्कम हे वेड्यांचं इस्पितळ कॉमिक्समध्ये १९७४ ला आलं, १९९८ ला शहरात भूकंप झाला, १९९९ मध्ये सरकारने पूल उडवून शहर देशापासून तोडलं. हे ठीक. पण शहर वसवलं कोणी, हे दर काही वर्षांनी नव्याने लिहिलेलं दिसतं. तुम्ही कुठल्या काळातली कॉमिक्स प्रमाण धरता? भूकंपानंतरच्या कथेसाठी काढलेला नकाशा मोठ्या आकारात छापील कुठे मिळेल?

आणि हो, देवनागरीत गॉथम की गोथम? त्या इंग्लिश खेड्याचा उच्चार म्हणे 'गोटम'च्या जवळचा आहे. तक्ता रंगवायला घेण्याआधी सांगा, नंतर खोडता येणार नाही.